फवारणीचं विष आणि ॲट्रोपिन: किती, कसं, कुठपर्यंत

हुमणीसाठी क्लोरपायरीफॉसची आळवणी, भातावर फवारणी, सोयाबीनवर फवारणी. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळपासून चंदगडपर्यंत कुठल्याही शेतकऱ्याच्या गोठ्यात नाहीतर पंपाशेजारच्या फळीवर एखादी अर्धी बाटली सापडतेच. म्हणून ऑर्गॅनोफॉस्फेट (थोडक्यात ओपी, क्लोरपायरीफॉससारख्या कीटकनाशकांचा गट) विषबाधेचा पेशंट इथल्या कॅज्युअल्टीला नवा नाही. कुणी पिऊन येतो, तर कुणाच्या पाठीवरचा पंप गळत असतो आणि ओल्या शर्टातच त्यानं दिवसभर फवारणी केलेली असते. दोघांवरचं पहिलं औषध एकच, ते स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातही असतं. अडचण ते देण्याच्या पद्धतीत आहे. ॲट्रोपिन भीत भीत दिलं जातं, चुकीच्या खुणेकडे बघून थांबवलं जातं, आणि रेफर करताना रस्त्यात बंद पडतं. हे टिपण तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळी करणाऱ्या मेडिकल ऑफिसर, हाऊसमन आणि सिस्टर यांच्यासाठी आहे.

आधी बाटली बघा. नातेवाईक ‘औषध घेतलंय’ एवढंच सांगतात. कोणतं औषध ते घरच्यांना फोन करून लेबलचा फोटो मागवल्याशिवाय कळत नाही. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग (लाल, पिवळा, निळा, हिरवा) विषारीपणाची पायरी सांगतो, विषाची जात सांगत नाही. जात कळायला घटकाचं नाव वाचावं लागतं. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट. फोरेट, म्हणजे आपल्याकडचं थायमेट, हेही त्याच गटातलं. त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुना साठा निघाला तर नवल नाही. क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र असलेली बाटलीही सर्रास मिळते. तिथं उपचार ऑर्गॅनोफॉस्फेटचेच.

आपल्या भागात दुभती जनावरं भरपूर, त्यामुळे एक नक्कल इथं हमखास भेटते: गोचिडाचं औषध, अमित्राझ. पेशंट गुंगीत, बाहुली बारीक, नाडी मंद. बघताक्षणी ओपी वाटावं असंच चित्र. पण तोंडाला फेस नाही, छातीत घरघर नाही, घाम नाही, आणि शुगर तपासली तर बऱ्याचदा वाढलेली. इथं नाडी फारच मंद झाली तर ॲट्रोपिन लागतं, एरवी श्वास सांभाळणं आणि वाट बघणं. पॅमचा (प्रॅलिडॉक्झिम, ओपीवरचं दुसरं औषध) काही उपयोग नाही. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर गणितच वेगळं, तिथं ऑक्सिजनसुद्धा हात राखून द्यावा लागतो. खात्री होत नसेल तर एक अॅम्प्युल, ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन शिरेतून द्या. नाडी झपकन वाढली आणि तोंड कोरडं पडलं तर मोठं ओपी असण्याची शक्यता कमी. काहीच फरक पडला नाही तर संशय बळावतो. मात्र फेस, घाम, बारीक बाहुली आणि वास हे सगळं समोर असताना या चाचणीत वेळ घालवू नये.

घरी काय करायचं नाही, हे आशाताईंपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांना माहीत हवं. मीठपाणी पाजून ओकारी काढायची नाही. ताक, कच्ची अंडी, शेणाचं पाणी, काही पाजायचं नाही. या औषधात विषाबरोबर रॉकेलसारखं द्रावण असतं. ओकारीबरोबर ते फुप्फुसात उतरलं की दोन दुखणी होतात, आणि दुसऱ्यावर उतारा नाही. मिठानं रक्तातला सोडियम चढून झटके येऊ शकतात ते निराळंच. डाव्या कुशीवर, डोकं थोडं खाली, तोंड पुसलेलं, भिजलेले कपडे काढलेले, अंग साबण-पाण्यानं धुतलेलं, आणि १०८ ला फोन. इतकं झालं तरी पुष्कळ. अंग धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वास येतो म्हणून स्टाफनं पेशंटजवळ जायचं टाळण्याचं मात्र कारण नाही.

दवाखान्यात आल्यावर पोट धुण्याची घाई होते. नातेवाईकांनाही ट्यूब टाकलेली दिसली की उपचार सुरू झाल्यासारखं वाटतं. पण अर्धवट शुद्धीतल्या, श्वासनलिका सुरक्षित नसलेल्या माणसाला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकून लिटरभर पाणी घालणं म्हणजे ॲस्पिरेशनला, पोटातलं फुप्फुसात उतरण्याला, आमंत्रण. पिऊन तास-दोन तासांत आला असेल, आणि पूर्ण शुद्धीत असेल किंवा इंट्युबेट केलेला (श्वासनलिकेत नळी घातलेला) असेल, तरच विचार करायचा, तोही ॲट्रोपिन सुरू झाल्यावर. पोटातलं विष शोषायला पाजतात त्या कोळशाबद्दल २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये श्रीलंकेतला मोठा अभ्यास आला, ४,६३२ रुग्णांचा. कोळसा एकदा दिला, पुन्हा पुन्हा दिला किंवा दिलाच नाही, मृत्यूंमध्ये फरक पडला नाही.

आता ॲट्रोपिन.

हे विष ॲसिटिलकोलिनेस्टरेज एन्झाइम अडवतं. ॲसिटिलकोलिन साचतं, आणि माणूस स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडायला लागतो: श्वासनळ्या आवळलेल्या, त्यात स्राव भरलेला, नाडी मंद, बीपी खाली. ॲट्रोपिन यातला मस्करिनिक भाग मोडतं, म्हणजे स्राव, श्वासनळ्या आणि हृदय. स्नायूंची थरथर आणि लुळेपणा याला ते हात लावत नाही. हा फरक शेवटपर्यंत ध्यानात ठेवावा लागतो.

आपल्याकडचं अॅम्प्युल साधारणपणे १ मिलीचं, ०.६ मिलिग्रॅमचं. मोठी व्हायल हातात आली तर आधी लेबलवरची मात्रा वाचा. मोठ्या माणसाला सुरुवात १.८ ते ३ मिलिग्रॅमनं, म्हणजे ३ ते ५ अॅम्प्युल एकदम, शिरेतून, पातळ न करता. मग घड्याळ लावा. पाच मिनिटांनी छाती, नाडी, बीपी, काख, बाहुली पाहा. सुधारणा दिसत नसेल तर डोस दुप्पट करायचा, तेवढाच पुन्हा द्यायचा नाही. ३ अॅम्प्युलपासून सुरुवात केली तर क्रम असा पडतो: शून्य मिनिटाला ३, पाचव्या मिनिटाला ६, दहाव्याला १२, पंधराव्याला २४. पंधरा मिनिटांत ४५ अॅम्प्युल, २७ मिलिग्रॅम. सुधारणा सुरू झाली की दुप्पट करणं थांबवायचं आणि तेवढाच किंवा थोडा कमी डोस देत छाती मोकळी होईपर्यंत जायचं. मुलांना ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलोनं सुरुवात, पुढे पद्धत तीच.

आकडा ऐकून घाबरायला होतं, कबूल. पण २००४ मध्ये एडलस्टन आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या गंभीर रुग्णांचा हिशोब मांडला, तेव्हा स्थिर व्हायला सरासरी २३.४ मिलिग्रॅम लागलं होतं, म्हणजे आपल्या मापानं ३९ अॅम्प्युल. निरनिराळ्या पुस्तकांतल्या पद्धतींनी तेवढा डोस पोचवायला किती वेळ लागेल हेही त्यांनी काढलं. उत्तर ८ मिनिटांपासून १,३८० मिनिटांपर्यंत होतं. १,३८० मिनिटं म्हणजे २३ तास. ‘दर पंधरा मिनिटांनी दोन अॅम्प्युल’ ही आपल्या वॉर्डातली जुनी सवय यातल्या संथ टोकाकडची आहे. बांगलादेशात चितगावला दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या गेल्या, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ठराविक अंतरानं ठराविक डोस मिळालेल्यांत २२.५ टक्के रुग्ण दगावले, दुप्पट करत जाऊन पुढे ड्रिप लावलेल्यांत ८ टक्के. पहिल्या गटाला ॲट्रोपिनचा अंमल चढायला सरासरी १५२ मिनिटं लागली, दुसऱ्याला २४. अभ्यास एकाच रुग्णालयातला, १५६ जणांचा, हे खरं. तरी औषध तेच, सलाईन तेच, फरक फक्त देण्याच्या पद्धतीचा, आणि त्यासाठी नवं काही विकत आणावं लागत नाही.

हातानं हे करताना खरी अडचण अॅम्प्युल फोडण्याची येते. एकट्या सिस्टरकडून पाच मिनिटांत २४ अॅम्प्युल फोडून भरून होत नाहीत. पहिला डोस देतानाच दुसऱ्या माणसाला फोडायला बसवा, २० मिलीच्या दोन सिरिंज भरून ठेवायला सांगा आणि रिकामी अॅम्प्युल एका ट्रेमध्ये जमवा. केस पेपरवर एकूण डोस लिहायची वेळ येते तेव्हा ट्रे मोजून खात्री करता येते. ड्रिपचा वेग त्याच आकड्यावर ठरणार आहे.

‘आधी ऑक्सिजन, मगच ॲट्रोपिन, नाहीतर हृदय फायब्रिलेट होईल’ हा जुना नियम अजून सांगितला जातो. ऑक्सिजन लावा, सक्शन करा, पण त्यासाठी ॲट्रोपिन अडवून ठेवू नका. सिलिंडर रिकामा असेल तरी द्या. ऑक्सिजन खाली गेलाय तो स्रावामुळे, आणि स्राव आटवणारं औषध तुमच्या हातातच आहे. नाडी १२० आहे म्हणून थांबण्याचंही कारण नाही. ओपीमध्ये नाडी जलदही असते: धाप, कमी ऑक्सिजन, निकोटिनिक परिणाम (विषाचा मस्करिनिक सोडून उरलेला भाग). छातीत घरघर आणि नाडी १२० असेल तर ॲट्रोपिन द्यायचंच.

थांबायचं कधी? छातीत क्रेप्स (बुडबुड्यांसारखा आवाज) आणि व्हीझ (शिटीसारखा आवाज) नाहीत, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी, बाहुली टाचणीएवढी राहिलेली नाही. यात छाती, नाडी, बीपी महत्त्वाची. बाहुली सगळ्यांत फसवी, कारण ती मागून येते. तिच्याकडे बघत बसलात तर अर्धा तास जादा डोस जातो. डोळ्यात औषध उडालं असेल तर ती कितीही वेळ बारीकच राहील. उलटही फसगत होते. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातच क्रेप्स ऐकू येतायत आणि बाकी छाती मोकळी आहे, तर ते ॲस्पिरेशन. ते ॲट्रोपिननं आटणार नाही. काखेत हात घालून बघणं कुणाला बरं वाटत नाही, पण उन्हाळ्यात पंख्याखाली कपाळ कोरडं दिसतं आणि काख भिजलेली असते, म्हणून काखच बघायची.

ॲट्रोपिनचा अंमल बसला की ड्रिप. आतापर्यंत लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला. २७ मिलिग्रॅम लागले असतील तर तासाला २.७ पासून ५.४ पर्यंत. सिरिंज पंप असेल तर ५० अॅम्प्युल तशीच ५० मिली सिरिंजमध्ये भरा. २.७ मिलिग्रॅमसाठी वेग तासाला ४.५ मिली. पंप नसेल तर ५०० मिली सलाईनमधून ५० मिली काढून टाका आणि ५० अॅम्प्युल त्यात घाला. आता १ मिलीत ०.०६ मिलिग्रॅम आहे. मायक्रोड्रिप सेटवर मिनिटाला ४५ थेंब म्हणजे तेच २.७ मिलिग्रॅम. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘ॲट्रोपिन’ लिहा, नाहीतर पुढच्या पाळीत कुणीतरी साधं सलाईन समजून फास्ट सोडेल. नुसत्या १० टक्क्यांच्या वेगानंही चोवीस तासांत १०८ अॅम्प्युल जातात. स्टॉक ठरवताना हा आकडा धरा, ‘वीस आहेत, पुरतील’ हा हिशोब नको.

ड्रिप लावून विसरायचं नाही. पहिले काही तास दर पंधरा मिनिटांनी छाती ऐका. घरघर परतली तर पुन्हा बोलस (एकदम दिलेला डोस) द्या आणि ड्रिप वाढवा. जास्त झालं तर तेही दिसतं: पोटाचा आवाज बंद, ताप, आणि पेशंट हवेतल्या वस्तू पकडायला लागतो. तिन्ही एकत्र असतील तर ड्रिप अर्धा ते एक तास बंद ठेवा, उतार पडला की आधीच्या ७०-८० टक्के वेगानं परत सुरू करा. नुसतीच तडफड असेल तर हातपाय बांधायच्या आधी ओटीपोटावर हात ठेवून बघा. ॲट्रोपिननं लघवी तुंबते, कॅथेटर घातला की अनेक ‘भ्रमिष्ट’ पेशंट शांत झोपतात. झोपवायचंच झालं तर डायझेपाम किंवा मिडाझोलाम द्यावं. हॅलोपेरिडॉल नको, झटक्यांचा धोका वाढतो.

रेफर करताना बहुतेक घोळ रस्त्यात होतात. गगनबावड्याहून किंवा राधानगरीहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात यायला वेळ जातो. चंदगडची माणसं तर कोल्हापूरपेक्षा बेळगाव गाठतात, कारण तेच जवळ. ॲट्रोपिनचा अंमल बसल्याशिवाय पेशंट हलवू नये असं माझं ठाम मत आहे. वीस मिनिटं जातात, पण घाटात घरघर सुरू झालेला पेशंट गाडीत सांभाळणं त्याहून फार महागात पडतं. ड्रिप चालू ठेवूनच पाठवा, बरोबर निदान ३० सुटी अॅम्प्युल, सक्शन, आणि ती फोडून देऊ शकेल असा माणूस. चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यातच: विषाचं नाव, घेतल्याची वेळ, एकूण ॲट्रोपिन मिलिग्रॅममध्ये, ड्रिपचा चालू वेग. ‘इंज. ॲट्रोपिन दिले’ एवढंच लिहिलं तर पुढचा डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरू करतो.

पॅमवर वाद जुना आहे आणि त्याचं एक टोक पुणे जिल्ह्यात आहे. बारामतीचा अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०० रुग्णांना आधी २ ग्रॅम दिलं, मग निम्म्यांना दर तासाला १ ग्रॅम सलग ४८ तास, उरलेल्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम. सलग दिलेल्यांत १ टक्का मृत्यू, दुसऱ्या गटात ८ टक्के. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या २३५ रुग्णांच्या अभ्यासात पॅम मिळालेल्यांत २४.८ टक्के दगावले, न मिळालेल्यांत १५.८ टक्के. तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नव्हता, पण फायदा तर दिसला नाहीच. बारामतीचे रुग्ण लवकर पोचलेले आणि आयसीयूची चांगली सोय मिळालेले होते, हा फरक मोठा. दुसरं कारण विषाच्या रसायनातच आहे. डायमेथोएटसारखी डायमिथाइल विषं एन्झाइमला काही तासांतच कायमची चिकटतात, त्यानंतर पॅम ती सोडवू शकत नाही. क्लोरपायरीफॉससारख्या डायइथाइल विषाला दिवसाहून अधिक वेळ मिळतो. म्हणून लवकर आलेला, क्लोरपायरीफॉस घेतलेला, आयसीयूत असलेला पेशंट असेल तर देण्यात अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मात्रा ३० मिलिग्रॅम प्रति किलो २० ते ३० मिनिटांत, मग तासाला ८ मिलिग्रॅम प्रति किलो. साठ किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम आणि मग तासाला ४८० मिलिग्रॅम. भसकन ढकललं तर ओकारी होते, नाडी धावते, हृदय थांबूही शकतं. आणि नातेवाईकांना रात्री दोन वाजता पॅमसाठी मेडिकल पालथी घालायला लावू नका. त्या वेळी पेशंटजवळ अॅम्प्युल फोडायला माणूस जास्त कामाचा.

इंट्युबेशन करावं लागलं तर स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलिन टाळा. ते मोडणारं एन्झाइमही याच विषानं बंद पडलेलं असतं, त्यामुळे मिनिटांचा लुळेपणा तासांवर जातो. रोक्युरोनियम वापरा, नेहमीपेक्षा थोडं जास्त लागू शकतं.

दुसरा दिवस उजाडतो. पेशंट उठून बसतो, चहा मागतो, घरचे डिस्चार्जबद्दल विचारतात. इंटरमीडिएट सिंड्रोम नेमका इथं गाठतो, साधारण २४ ते ९६ तासांत. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. मानेचे स्नायू आधी जातात, मग खांदे-मांड्या, मग श्वास. तपासणीला यंत्र लागत नाही: उशीवरून डोकं उचलून धरायला सांगा. काल जमत होतं आणि आज जमत नाही, तर आयसीयूला कळवा. आवाज नाकातून येतो का, पाणी गिळताना ठसका लागतो का, एका श्वासात किती आकडे मोजतो, हे दर चार तासांनी टिपा. मॉनिटरवरच्या ऑक्सिजनवर विसंबू नका. मास्क लावलेला असेल तर ९७ दिसत राहतं आणि कार्बन डायऑक्साइड चढत जातो. छाती कोरडी आहे, त्यामुळे ॲट्रोपिन वाढवून काही होत नाही. वेळेवर व्हेंटिलेटर लावला तर बहुतेक माणसं बरी होतात, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं तर तिसऱ्या दिवशी ‘बरा होता, तुम्हीच बिघडवला’ ही भांडणं कमी होतात.

कोलिनेस्टरेजचा रिपोर्ट निदानाला मदत करतो, एवढंच. त्या आकड्यावर ॲट्रोपिनचा डोस ठरवू नये, आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबू तर मुळीच नये.

पोलिसांच्या भीतीनं घरचे वेळ लपवतात, ‘चुकून प्याला’ म्हणतात. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करावीच लागते, पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही पूर्वीच्या रूपात नाही. हे दोन वाक्यांत समजावलं की खरी वेळ आणि खरी बाटली बाहेर येते. पेशंट बोलायच्या अवस्थेत आला की मानसोपचार तज्ज्ञांना दाखवायचं, घरातली औषधं कुलपात ठेवायला सांगायचं, आणि डिस्चार्ज कार्डावर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लिहायचा. त्याच कार्डावर दोन-तीन आठवड्यांनंतरची फेरतपासणीची तारीखही हवी. काही विषांनंतर त्या सुमाराला पोटऱ्या दुखायला लागतात, तळपायाला मुंग्या येतात आणि पाऊल लुळं पडतं. पेशंट तेव्हा हाडांच्या डॉक्टरकडे जातो आणि महिन्यापूर्वीच्या विषाचा उल्लेखही करत नाही.